या दोघांनी लग्न केलंच का? : जॉन क्लीझ यांना खुलं पत्र

प्रिय क्लीझसाहेब,



२७ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रुनेला स्केल्स यांचं लंडनच्या राहत्या घरी निधन झालं. त्र्याण्णव वर्षांचं आयुष्य त्यांना लाभलं. जाण्याच्या आदल्या दिवशी त्या 'फॉल्टी टॉवर्स' बघत होत्या, असं त्यांच्या मुलांनी निवेदनात सांगितलं. मालिकेचा पहिला भाग बीबीसी टूवर १९ सप्टेंबर १९७५ ला लागला होता. म्हणजे पन्नास वर्षं पूर्ण होऊन जेमतेम महिना उलटला होता.

त्यानंतर तुम्ही जे बोललात तेही मी वाचलं. एका पुस्तकासाठी तुम्ही जुने प्रसंग पुन्हा बघत होतात आणि एकामागून एक प्रत्येक प्रसंगात प्रुनेलाबाई अगदी अचूक होत्या, असं तुम्ही म्हणालात. बाई फार गोड स्वभावाच्या होत्या, आयुष्यभर सगळ्यांची माफी मागत राहिल्या आणि त्यावरून तुम्ही त्यांना चिडवायचात, हेही सांगितलंत. ते वाचल्यापासून हे पत्र मनात घोळतं आहे. 'अचूक' हा शब्द मला पटतो, पण पुरत नाही. ती अचूकता कुठून आली हे सांगू शकणारी माणसं आता दोनच उरली आहेत, तुम्ही आणि तुमच्या सहलेखिका, पॉली झालेल्या कॉनी बूथ. वेटर मॅन्युएल झालेले अँड्र्यू सॅक्स २०१६ मध्ये गेले, आता प्रुनेलाबाई गेल्या. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि उघडपणे.

मी पुण्यात तरुण मुलामुलींना अभिनय शिकवते. फर्ग्युसन रस्त्यावर ब्रिटिश कौन्सिलचं वाचनालय होतं. तिथे पुस्तकांबरोबर बीबीसीच्या व्हिडिओ कॅसेटीही घरी न्यायला मिळायच्या. आमच्या पिढीतल्या कितीतरी नाटकवाल्यांनी टॉर्कीमधलं ते मोडकळीला आलेलं हॉटेल त्या कॅसेटींमधून पाहिलं. इंग्रजीचे हेल नीट कळत नव्हते, इंग्लंडमधल्या वर्गभेदाच्या खाचाखोचा तर मुळीच कळत नव्हत्या, तरी हसून हसून पोट दुखायचं. ज्यांनी ती मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी सांगते. समुद्रकाठच्या गावात तुम्ही साकारलेला बॅसिल फॉल्टी हा चिडका, उच्चवर्गाच्या ऐटीला भाळणारा, पाहुण्यांचा तिटकारा असलेला माणूस हॉटेल चालवतो. सिबिल ही त्याची बायको, म्हणजे प्रुनेलाबाई. १९७५ मध्ये सहा भाग, १९७९ मध्ये सहा, एकूण बारा. एवढ्यावर थांबलात आणि २००० साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने केलेल्या शंभर सर्वश्रेष्ठ ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमांच्या यादीत ही मालिका पहिली आली.

प्रुनेलाबाईंच्या निधनाच्या बहुतेक मथळ्यांत त्या मालिकेचं नाव त्यांच्या नावाच्या आधी होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या भूमिकेनं माणूस घराघरात पोचतो तिचं नाव पुढे येणारच. मला काळजी आहे ती सिबिल कशी लक्षात राहते याची. उंच रचलेले केस, कर्कश हसणं, नवऱ्याच्या नावानं मारलेली ती धारदार हाक. तिची नक्कल करायची झाली तर लोक एवढंच करतात. कजाग बायको. आणि कजाग बायको हा तर जगातल्या प्रत्येक रंगभूमीवर कोपऱ्यात तयार ठेवलेला मुखवटा आहे. आमच्याकडेही आहे. बबन प्रभूंनी मराठीत फार्स रुजवला, त्यानंतर आमच्या व्यावसायिक रंगभूमीवर असल्या बायका, सासवा, घरमालकिणी यांची रांग लागली. कमरेवर हात, चढा आवाज, एन्ट्रीलाच हशा वसूल. त्यात उत्तम नट्याही होत्या, पण त्यांना भूमिका मिळायची ती आवाजाच्या पट्टीपुरती.

तुम्ही लिहिलेली सिबिलही त्याच वाटेनं गेली असती का, हे तुम्हालाच माहीत. मला ठाऊक आहे ती गोष्ट तुमच्या आणि प्रुनेलाबाईंच्या मुलाखतींमधून आलेली. ही भूमिका आधी ब्रिजेट टर्नर यांना विचारली होती, त्यांनी नकार दिला. मग प्रुनेलाबाईंकडे संहिता गेली. तुम्ही भेटायला गेलात तेव्हा त्या फ्लूनं अंथरुणावर होत्या. काही विचारायचं आहे का, असं तुम्ही म्हणालात. त्यांनी एकच प्रश्न विचारला: या दोघांनी मुळात लग्न का केलं? तुम्ही डोक्याला हात लावलात. हा प्रश्न कोणीतरी विचारणार याचीच भीती होती, असं म्हणालात.

मी वर्गात हा किस्सा दरवर्षी सांगते. मुलं आधी हसतात, मग गप्प होतात. कारण त्यांच्या लक्षात येतं की विनोदी भूमिका हातात आली की आपण विचारतो ते 'हे वाक्य कसं टाकू', 'इथे थांबू का', 'हशा कुठे येईल'. प्रुनेलाबाईंनी हशाबद्दल विचारलंच नाही. त्यांनी लग्नाबद्दल विचारलं. ज्या संसारात आता फक्त खेकसणं उरलंय तिथे एकेकाळी दोन माणसं एकमेकांना आवडली असतील ना, मग ती का आवडली, हे कळल्याशिवाय त्यांना ती बाई बोलताच येईना.

उत्तर त्यांनी स्वतःच शोधलं. सिबिलचं माहेर याच धंद्यातलं असणार, समुद्रकाठच्या एखाद्या लहानशा हॉटेलातलं. ती लहानपणापासून गल्ल्यामागे, बारमागे वाढली. तिथे हा उंच, ऐटबाज, साहेबी थाटाचा माणूस आला आणि ती त्या थाटाला भुलली. लग्नानंतर कळलं की थाटामागे काही नाही. त्यावरून त्यांनी सिबिलचा आवाज बसवला. नवऱ्यापेक्षा एक पायरी खालच्या वर्गातला, दक्षिण इंग्लंडच्या शहराकाठच्या वस्तीतला, ऐकता क्षणी बॅसिलच्या कानाला खुपेल असा. पहिल्यांदा तो ऐकून तुम्ही आणि कॉनी बूथ चपापलात, तुम्ही लिहिलेली बाई ही नव्हती. मग तालमीत लक्षात आलं की हीच बरोबर आहे. हे तुम्ही मोकळेपणानं कबूल केलं आहे आणि त्याबद्दल मला तुमच्याविषयी फार आदर वाटतो. आपल्या संहितेत नटीनं आपल्यापेक्षा जास्त पाहिलं, हे सांगणारे लेखक थोडे.

तो प्रश्न विचारल्यानं मालिकेत काय काय बदललं, ते मला पुन्हा पाहताना दिसत गेलं. पहिल्याच भागात एक भामटा स्वतःला लॉर्ड म्हणवत हॉटेलात येतो. बॅसिल त्याच्यापुढे लोटांगण घालतो. साध्या गिऱ्हाइकाला टेबलावरून उठवतो, लॉर्डसाहेबांची मौल्यवान पेटी तिजोरीत ठेवतो. खरं कळल्यावर ती पेटी उघडते सिबिल, आणि आत विटा निघतात. पूर्वी मी हे निव्वळ कथानकाचं वळण म्हणून पाहायचे. आता वाटतं, ही बाई एकदा साहेबी थाटाला भुलून फसलेली आहे. तिला विटा ओळखता येणारच. प्रुनेलाबाईंचा चेहरा त्या क्षणी नवऱ्यावर विजय मिळवल्याचा नाही. हे आपल्याला पूर्वीपासून माहीत होतं, असा आहे.

आणि हॉटेल खरं कोण चालवतं? गिऱ्हाइकाशी गोड बोलणं, बिल, आरक्षणं, कोणाला कुठली खोली, हे सगळं सिबिलकडे. तिला हे काम येतं. ती नखं घासत, सिगारेट ओढत, मैत्रिणीशी फोनवर बोलत ते करते, कारण ते तिच्या अंगवळणी पडलंय. बांधकामवाल्यांच्या भागात बॅसिलनं पैसे वाचवायला आणलेल्या त्या ढिसाळ कंत्राटदाराला ती छत्रीनं बदडते, तेव्हा प्रेक्षक टाळ्या देतात ते हिंसेला नव्हे. घरातलं एकमेव शहाणं माणूस शेवटी चिडलं, याला ती दाद आहे. आणि तिचे ते फोन! मैत्रीण ऑड्री तिकडून काय सांगते ते आपल्याला कधी ऐकू येत नाही. इकडून सिबिल तेच तेच दोन शब्द वेगवेगळ्या सुरांत म्हणत राहते. पहिल्यांदा सहानुभूती, दुसऱ्यांदा कंटाळा, तिसऱ्यांदा चवीनं ऐकणं, चौथ्यांदा लक्ष भलतीकडेच. माझ्या वर्गात आवाजाच्या पट्ट्या शिकवायला याहून चांगलं साधन मला मिळालेलं नाही. ऑड्रीला लेखकांनी फार शब्द दिले नसतील, पण तिचं अख्खं दुःखी आयुष्य त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला आहे असं वाटत राहतं. ते त्या एका नटीनं आवाजावर उभं केलं आहे.

माफी मागण्याबद्दल तुम्ही बोललात म्हणून इथे थांबते. सिबिल नवऱ्यापुढे सहसा माफी मागत नाही. बाराच्या बारा भागांत तिची पाठ ताठ आहे. जी बाई प्रत्यक्षात खोलीत शिरताना, खुर्चीवर बसताना माफी मागायची, तिनं हा ताठपणा उसना आणला नाही. मला वाटतं, तो तिनं निरीक्षणातून घेतला. लहानपणापासून गिऱ्हाइकांपुढे 'माफ करा' म्हणत वाढलेल्या बाईला स्वतःच्या घरात ते म्हणायचं नसतं.

प्रुनेलाबाई नाटकवाल्यांच्याच घरातल्या. जन्म २२ जून १९३२, सरे परगण्यातल्या सटन ॲबिंजर गावी. वडील कापसाच्या व्यवसायात, आडनाव इलिंगवर्थ. आई नटी होती, आणि रंगमंचासाठी प्रुनेलाबाईंनी आईचं माहेरचं आडनाव घेतलं. ब्रिस्टलच्या ओल्ड विक नाट्यविद्यालयात त्यांचं शिक्षण झालं, पुढे त्या न्यूयॉर्कला उटा हागेन यांच्याकडे शिकल्या. 'या दोघांनी लग्न का केलं' या प्रश्नाचं मूळ मला तिथे दिसतं. पात्राला आपण नाटकात भेटतो त्याआधी त्याचं आयुष्य काय होतं, ते माहीत असल्याशिवाय विंगेतून बाहेर पाऊल टाकायचं नाही, ही उटा हागेन यांची शिकवण. आमच्याकडे गंभीर नाटकांना ती लागू करतात. प्रुनेलाबाईंनी ती हॉटेलमधल्या धांदलीच्या फार्सला लावली, आणि त्यामुळे तो फार्स अर्ध्या शतकानंतरही शिळा झाला नाही.

१९५२ मध्ये बीबीसीच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये त्या लिडिया होत्या. डेव्हिड लीन यांच्या 'हॉब्सन्स चॉइस'मध्ये छोटी भूमिका, मग रिचर्ड ब्रायर्सबरोबर 'मॅरेज लाइन्स'मध्ये नवविवाहित जोडप्यातली बायको. पुढे 'मॅप अँड लुसिया' आणि 'आफ्टर हेन्री'. 'आफ्टर हेन्री'मध्ये त्यांच्या आईचं काम जोन सँडरसन यांनी केलं, म्हणजे तुमच्या मालिकेत कानाचं यंत्र बंद ठेवून सगळ्यांना सळो की पळो करणाऱ्या मिसेस रिचर्ड्स. ही यादी मी भराभर संपवते, कारण मला दोन राण्यांबद्दल बोलायचं आहे.

पहिली राणी व्हिक्टोरिया. तिच्या पत्रांवर आणि दैनंदिनीवर बेतलेला 'ॲन इव्हनिंग विथ क्वीन व्हिक्टोरिया' हा प्रयोग प्रुनेलाबाईंनी जवळजवळ तीस वर्षं केला. देशोदेशी केला. सोबतीला एक गायक आणि पियानो, बाकी सगळा भार त्यांच्यावर. मराठी वाचकाला एकपात्री म्हणजे काय हे सांगायला नको. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ', लक्ष्मणराव देशपांडे यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' पाहिलेल्या माणसाला एका नटाच्या अंगावर अख्खी संध्याकाळ टाकणं किती अवघड असतं ते ठाऊक आहे. प्रुनेलाबाई त्यात कोवळ्या मुलीपासून वृद्धेपर्यंत वय वाढवत नेत. ज्या राणीच्या नावानं आमच्या मुंबईत टर्मिनस उभं राहिलं आणि पुतळे उभे झाले, ती राणी म्हणजे आमच्यासाठी सत्ता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं ते नवरा लवकर गमावलेली, हट्टी, एकटी बाई म्हणून. यामुळे सत्तेचा हिशेब पुसला जात नाही, आणि तो पुसावा असं मला वाटतही नाही. पण नटीनं सत्तेपलीकडची बाई शोधली नाही तर मागे पुतळाच उरतो.

दुसरी राणी एलिझाबेथ दुसरी. १९८८ मध्ये नॅशनल थिएटरमध्ये ॲलन बेनेट यांचं 'अ क्वेश्चन ऑफ ॲट्रिब्युशन' आलं. राजघराण्याच्या चित्रसंग्रहाचा रखवालदार असलेला, आतून सोव्हिएत हेर असलेला अँथनी ब्लंट आणि राणी यांची त्यात भेट होते. हयात राणी नॅशनलच्या रंगमंचावर आणणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. राणीचं काम प्रुनेलाबाईंनी केलं आणि टीव्हीवर १९९१ मध्ये तेच पुन्हा केलं. राणीचा आवाज सगळ्या देशाच्या कानात, त्यामुळे नक्कल करायचा मोह किती असेल! प्रुनेलाबाईंची राणी चित्रांबद्दल गप्पा मारते, घरातल्या वस्तू दाखवणाऱ्या गृहिणीसारखी, आणि बोलता बोलता खरं-खोटं यावर असं काही विचारते की समोरच्या हेराला घाम फुटावा. तिला सगळं माहीत आहे की नाही, हे शेवटपर्यंत कळत नाही. मला त्या दृश्यात सिबिल दिसते. विटा ओळखणारी.

एक छोटीशी गोष्ट आमच्याकडची. 'हॉवर्ड्स एंड' हा चित्रपट (१९९२) मुंबईत वाढलेल्या इस्माईल मर्चंट यांनी निर्माण केला. त्यात प्रुनेलाबाई मावशीच्या भूमिकेत आहेत आणि त्यांचे चिरंजीव सॅम्युएल वेस्ट गरीब कारकून लिओनार्ड बॅस्टच्या. आई आणि मुलगा, दोघंही एका चित्रपटात, आणि त्यामागे आमच्या सेंट झेवियर्समध्ये शिकलेला माणूस. मला याचं अप्रूप वाटतं, म्हणून लिहिलं.

आता त्यांचे पती, नट टिमथी वेस्ट यांच्याविषयी. बॅसिल-सिबिलचा संसार उभा करणाऱ्या बाईंचा स्वतःचा संसार १९६३ ते २०२४ असा एकसष्ट वर्षं टिकला. टिमथी वेस्ट १२ नोव्हेंबर २०२४ ला वयाच्या नव्वदाव्या वर्षी गेले, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत त्याही गेल्या. दोघंही दौऱ्यावरची माणसं. एक ब्रिस्टलला तर दुसरा ऑस्ट्रेलियात, आणि मध्ये पत्रं. टिमथी वेस्ट यांनी दौऱ्यांवरून बायकोला लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक १९९४ मध्ये निघालं. नाटकवाल्या जोडप्याचा संसार कसा चालतो ते त्यातून कळतं. आमच्याकडे बसच्या दौऱ्यावर आयुष्य काढलेल्या नटनट्यांना त्यातली प्रत्येक अडचण ओळखीची वाटेल. कंटाळवाणी लॉजेस, थंड जेवण, मुलं घरी आजारी आणि संध्याकाळी प्रयोग.

मग २०१४ साली त्या दोघांचा 'ग्रेट कॅनॉल जर्नीज' चॅनल फोरवर सुरू झाला. दोन म्हातारी माणसं एका अरुंद, लांबट होडीत बसून कालव्यातून जातात, एवढाच कार्यक्रम. ब्रिटनमधल्या बऱ्याच जुन्या कालव्यांचे लॉक जेमतेम सात फूट रुंद, म्हणून होड्याही तेवढ्याच चिंचोळ्या. पाणी पायऱ्यापायऱ्यांनी चढतं-उतरतं. प्रत्येक पायरीवर दरवाजे बंद करायचे, पाणी भरायचं किंवा सोडायचं, मग पुढचे दरवाजे उघडायचे. डिव्हायझेस गावाजवळ केन हिलला एकोणतीस लॉक आहेत. केनेट अँड एव्हन नावाचा हा सत्त्याऐंशी मैलांचा कालवा कित्येक वर्षं बंद पडला होता. स्वयंसेवकांनी तो पुन्हा जिवंत केला आणि १९९० मध्ये तो खुला झाला. त्या कामाला या दोघांचा पाठिंबा होता. कार्यक्रमाची सुरुवातही त्यांनी तिथूनच केली, लग्नाच्या पन्नाशीच्या निमित्तानं.

२०१४ मध्येच टिमथी वेस्ट यांनी प्रुनेलाबाईंना स्मृतिभ्रंश असल्याचं जाहीरपणे सांगितलं. आजार व्हॅस्क्युलर डिमेन्शिया. ज्या बाईनं तीस वर्षं राणीची पानंच्या पानं पाठ म्हटली, तिला काल आपण कुठे होतो ते आठवेनासं झालं होतं. आणि तरी त्या कॅमेऱ्यासमोर आल्या. पुढची काही वर्षं, २०१९ च्या सुमारापर्यंत, आपण सगळ्यांनी तो आजार त्यांच्या चेहऱ्यावर सावकाश उतरताना पाहिला. कार्यक्रमानं तो लपवला नाही आणि त्याचा तमाशाही केला नाही. त्या कधी नाव चुकायच्या, कधी तीच गोष्ट पुन्हा विचारायच्या. टिमथी वेस्ट पुन्हा उत्तर द्यायचे, पहिल्यांदाच विचारल्यासारखं. त्याच फेरीत एखाद्या नदीकाठचं झाड पाहून त्या असं काही बोलायच्या की ऐकणाऱ्याला आपण रोज ते झाड पाहतो आणि कधी पाहतच नाही हे लक्षात यावं.

हे माझ्यासाठी फार मोठं होतं, म्हणून इथे रेंगाळते. आमच्याकडे घरातल्या वृद्धाला स्मृतिभ्रंश झाला की दार लावलं जातं. पाहुण्यांसमोर त्यांना आणायचं नाही, लग्नाला न्यायचं नाही, काहीतरी भलतंच बोलतील ही भीती. प्रेमापोटीच करतात, माणसाची लाज राखावी म्हणून. प्रुनेलाबाईंच्या घरच्यांनी दार उघडं ठेवलं. एका कसलेल्या नटीनं आपली ढासळती स्मृती लोकांसमोर ठेवली आणि ती ठेवतानाही ती नटी राहिली. कॅमेरा कुठे आहे हे तिला ठाऊक होतं. वाक्य कुठे संपवायचं हे ठाऊक होतं. टायमिंग शेवटपर्यंत गेलं नाही. ज्या मेंदूत नाव आणि तारीख टिकत नव्हती त्यात लय टिकली होती. मला शास्त्र माहीत नाही, पण अभिनय शिकवणारी बाई म्हणून मी हे पाहिलं आणि माझा शिकवण्याचा क्रम बदलला. वाक्यं पाठ करण्याआधी श्वास आणि लय, असं मी तेव्हापासून करते.

'फॉल्टी टॉवर्स'नंतर हा कार्यक्रम पाहणाऱ्याला वाटेल, बॅसिल-सिबिलच्या अगदी उलट जोडपं. मला तसं वाटत नाही. त्या होडीत अडचण आली की दोघंही जोरजोरात भांडायची, होडी काठाला आदळायची, दोरी निसटायची. टिमथी वेस्ट होडी चालवताना आपण कधी चुकत नाही असा आविर्भाव आणायचे. बाई त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहायच्या की मला टॉर्कीचं हॉटेल आठवायचं. एखादं लग्न कशामुळे जुळतं आणि कशामुळे टिकतं किंवा मोडतं, हे या बाईंना रोजच्या जगण्यातून कळलं होतं. तेच त्यांनी तुमच्या संहितेला विचारलं होतं.

म्हणून माझी विनंती ऐका. २०२४ मध्ये लंडनच्या अपोलो थिएटरमध्ये तुम्ही 'फॉल्टी टॉवर्स'चं नाटक आणलंत, तीन भाग एकत्र बांधून. ते पुढेही फिरेल, देशोदेशीच्या हौशी मंडळ्या करतील, उद्या कदाचित आमच्याकडेही कोणी करेल. प्रत्येक ठिकाणी एक नवी नटी सिबिल होईल. कॅसेट लावून हसण्याचा सूर उचलणं, केस तसेच रचणं, हाक तशीच मारणं तिला सोपं जाईल, आणि प्रेक्षकही त्यालाच टाळ्या देतील. तिला ते करू देऊ नका. संहितेच्या पहिल्या पानावर प्रुनेलाबाईंचा तो प्रश्न छापा आणि खाली जागा रिकामी ठेवा. लंडनच्या नटीचं उत्तर वेगळं असेल, पुण्याच्या नटीचं वेगळं. माझी एखादी विद्यार्थिनी म्हणेल, सिबिलचं माहेर कोकणातल्या खाणावळीतलं, नवरा मुंबईहून आलेला बोलघेवडा. चालेल. तिचं उत्तर तिचं असलं पाहिजे.

आणि दुसरं असं की आठवतंय तोवर लिहून ठेवा. तुमच्या पिढीत तालमींच्या आठवणी फार सांगितल्या जातात, पण त्या बहुतेक गमतीच्या असतात. कोण कसं पडलं, कोणाला तव्याचा मार कसा खरा बसला, वगैरे. मला हवं आहे ते कामाचं. प्रुनेलाबाईंनी कुठलं वाक्य गाळायला सांगितलं, कुठला हशा मुद्दाम सोडून दिला, कुठे त्या तुमच्यापेक्षा संथ गेल्या आणि त्यामुळे तुमचं धावणं अधिक विनोदी झालं. सहनट हे जाणतो, दुसरं कोणी जाणत नाही. कॉनी बूथ फार बोलत नाहीत हे मला माहीत आहे आणि त्यांच्या मौनाचा मान राखायलाच हवा. त्यामुळे ही जबाबदारी तुमच्यावर येते.

एक नेमकं विचारते, जमलं तर याचं उत्तर द्या. १९७९ च्या मालिकेत लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाचा भाग आहे. बॅसिलनं गुपचूप मित्रमंडळींना बोलावलेलं असतं आणि तो तारीख विसरल्याचं सोंग करतो. सिबिल त्याला आठवायला वाव देते, एकदा, दोनदा. तो सोंग ताणत राहतो, आणि ती निघून जाते. पुढे पॉलीला सिबिल बनवून अंधाऱ्या खोलीत झोपवणं, खऱ्या सिबिलला कपाटात कोंडणं, हे सगळं तुमचं धावपळीचं राज्य. पण निघून जाण्याआधी प्रुनेलाबाईंच्या चेहऱ्यावर जे येतं ते रागाचं नाही. पंधरा वर्षांपूर्वी बारमागे उभी असलेली मुलगी तिथे क्षणभर दिसते. ते तुमच्या आणि कॉनीबाईंच्या संहितेत लिहिलेलं होतं, की तालमीत त्यांनी आणलं? आणि आणलं असेल तर तुम्ही त्या दिवशी त्यांना काय म्हणालात? जूनमध्ये माझा नवा वर्ग सुरू होतो. पहिल्याच आठवड्यात मी मुलांना हा भाग दाखवणार आहे, तोवर कळलं तर फार बरं होईल.



आपली,
पुण्यातील एक नाट्यशिक्षिका